बाळाप्पा चित्त्याची भावकी

मित्रांनो, मी एक जुना चित्ता हाय. जुना म्हंजे कसा, तर एक सुळा पडलेला, शेपटीचा गोंडा झडलेला, आन उठायच्या आदी कुटला पाय पहिला उचलायचा ह्याचा इचार करत बसनारा. एक काळ व्हता, मी पळाय लागलो की हरणाला वाटायचं वारा सुटला. आता मी चार पावलं भराभरा टाकली तर बजाबाई वरडती, "कुटं निगालास रं येवड्या घाईनं? बस खाली, पडशील की!"

माजा जन्म सोलापूरचा न्हवं. दर्यापलीकडं आफ्रिका म्हनून मुलूख हाय, तितला मी. हितल्या एका संस्थानच्या राजेसाहेबांना चित्त्याकडून हरणं धरायचा लई नाद. त्यांच्या वाडवडलांनी हितल्या रानातले चित्ते धरून धरून संपवले, तवा आमाला बोटीत घालून आनलं. बोटीतले दिवस मी सांगत न्हाय. तुमचं जेवण झालं असंल.

संस्थानात माजं नाव बिजली. डोळ्यांवर कातड्याची टोपी घालून मला बैलगाडीतनं माळावर न्यायचे. हरणं दिसली की टोपी काडायचे. मंग मी आन जमीन, दोगंच. शंभर-दोनशे वावाच्या आत खेळ खलास. राजेसाहेब सोताच्या हातानं मला वाटीभर रगत पाजायचे आन पाव्हण्यांना म्हनायचे, "हा आमचा वाघ बरं का!" मित्रांनो, माज्या डोक्यात इस्तव पडला त्यो हितं. मला वाटाय लागलं, मी वाघच हाय. थोडा किडकिडीत, येवडंच.

पुडं राजेसाहेब गेले. धाकट्या राजेसाहेबांना मोटारीचा नाद. मोटारीला रगत लागत न्हाय, तेल लागतं. त्यातच माज्या पायात बाभळीचा काटा मोडला आन मी लंगडाय लागलो. मंग मला श्रीमंताच्या तंबूत धाडून दिलं. श्रीमंत हे मालकाचं नाव व्हतं, परिस्थिती न्हवं. त्येच्या खेळात एक ठिगळाचा तंबू, दोरीवर चालनारी शेळी, दोन माकडं, आन सुलतान म्हनून खराखुरा पट्ट्यांचा वाघ. श्रीमंताची थोरली भन म्हंजे बजाबाई. समद्यांच्या खान्यापिन्याचं ती बगायची. तिनंच माजं नाव बदललं. म्हनाली, "बिजली काय, बिजली? बाप्याला बाईचं नाव! ह्येचं नाव बाळाप्पा."

सुलतान माज्या शेजारच्या पिंजऱ्यात. मी त्येला दादा म्हनायचो. त्येला पट्टे, मला ठिपके, पर मिशा दोगांना, म्हंजे भाऊच की! तीन वर्सं मी दादा दादा केलं. त्यो माज्याकडं बगायचा बी न्हाय. एकदाच बगितलं, मी आल्या आल्या. दुपारची वेळ व्हती, बजाबाई माजी मान खाजवत व्हती, आन मला इतकं बरं वाटलं की माज्या घशातनं घुरघुर घुरघुर असा आवाज सुटला. मांजराचा सुटतो ना, तसाच. खरं सांगतो, लहानपनापासनं मला ही खोड हाय. सुलतानानं मान वळवली आन माज्याकडं असं बगितलं, जसं मोठ्या पंगतीत कुनी पाटावर बसून नाक शिंकरल्यावर बाकीचे बगत्यात. त्या दिवशी मी शपथ घेतली. जीव गेला तरी चालंल, पर परत घुरघुरायचं न्हाय.

आन वर आनिक त्या मांजरीचा ताप! भागी नावाची एक करडी मांजर तंबूत व्हती. दिवसभर उंदरं मारायची आन दुपारी माज्या पिंजऱ्याला अंग घासत "घुरघुर" करायची. जनू काय म्हनतीय, आपन घरचेच की! मी दात दावायचो. ती जांभई द्यायची.

तर एका सालची गोष्ट. एकोणीसशे पस्तीस असंल न्हाय तर छत्तीस. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची मोठी जत्रा भरती, तिला गड्डा म्हनत्यात. वरीसभर आमी त्या गड्ड्याच्या आशेवर जगायचो. श्रीमंतानं म्होरं मानूस धाडून गावभर कागदं वाटली, "बंगालचा ढाण्या वाघ! प्रत्यक्ष डरकाळीसह!" आन वाटंत, बार्शीच्या मुक्कामी, सुलतान गेला. म्हातारपनानं, झोपेत, कुनाला तरास न देता. मी लई रडलो. श्रीमंत बी रडला. अर्धा वाघासाटी, अर्धा कागदांसाटी.

सोलापुरात तंबू ठोकला न ठोकला, तवर एक कंत्राटदार आला. रेल्वेकडंला त्यानं नवा बंगला बांदला व्हता. पिंजऱ्याम्होरं उबा राहून मला वरनं खाली, खालनं वर बगितलं. शिंपी बगतो तसं.

"श्रीमंत, हा पिवळा मला दे. दिवाणखान्यात टाकायला कातडं पायजे. डोक्यासकट."

श्रीमंत हात चोळत म्हनाला, "साहेब, गड्ड्यात तीन खेळ हायती. वाघाबिगर खेळ चालतोय का बगतो. न्हाय चालला तर ह्येला पोसायचं तरी कशानं? मंग तुमचाच."

भाकऱ्या थापता थापता बजाबाईनं ऐकलं. परात घेऊनच भाईर आली. "कुनाचं कातडं? माज्या बाळाप्पाचं? आदी माजं काडा म्हनावं!"

कंत्राटदारानं तिच्याकडं बी वरनं खाली बगितलं आन म्हनाला, "नको."

मंग श्रीमंताच्या डोक्यात आयडिया आली. सोलापुरात मोहरमाला वाघाची सोंगं निगत्यात, तुमाला ठाऊक असंल. कुनाचा नवस असतो, कुनाची हौस असती. हिंदू म्हनू नगा, मुसलमान म्हनू नगा, अंगाला पिवडीचा पिवळा रंग फासून काळे पट्टे मारून घेत्यात आन ताशावर नाचत्यात. ही सोंगं रंगवन्यात कुंडलिक म्हनून एकाचा हात धरनारा कुनी न्हवता. श्रीमंतानं त्येलाच बोलावलं.

आता कुंडलिकाची गंमत अशी की त्यानं जल्मात वाघ बगितलेला न्हाय. त्यानं बगितलेले समदे वाघ त्यानंच रंगवलेले. त्यामुळं त्येला वाघाची खातरी लई. माज्याभवती दोन चकरा मारल्या आन तोंड वाकडं केलं.

"मालक, ह्यो वाघावानी दिसत न्हाय."

"म्हनून तर तुला बोलावलं की!"

"तसं न्हवं. वाघ उबा राहतो, दोन पायांवर. ह्यो आडवा हाय. बेंबीभवती मी चक्कर काडतो, ती ह्येला कुटं काडू? आन लंगोट कुटं बांदायचा?"

"लंगोट नगं! खरा वाघ लंगोट घालत न्हाय."

"माजे समदे घालत्यात," कुंडलिक म्हनाला.

रंगाची बी अडचन झाली. त्यो रंग व्हारनिसात कालवायचा. बजाबाईनं डबा लाथंनं उडवला. "मानसाच्या अंगाची आग व्हती, ह्यो तर मुकं जनावर!" शेवटी तिनंच तोडगा काडला. बोकडाची चरबी वितळवून त्यात पिवडी आन काजळी कालवली. त्येनं कातड्याला काय इजा न्हाय. मला बी ते पटलं, कारन वास लई झकास येत व्हता.

राहिली डरकाळी. मित्रांनो, हितं मला एक कबूल करायचं हाय. मला डरकाळी येत न्हाय. चित्त्याला येतच न्हाय. जोर करून वरडलो तर "चिंव" असा आवाज निगतो, पाखराच्या पिलाचा. बंगालच्या ढाण्या वाघानं चिंव केलं तर काय व्हईल, तुमीच सांगा. त्याचा बंदोबस्त बी कुंडलिकानंच केला. मातीच्या घागरीच्या तोंडाला कातडं बांदायचं, मधनं घोड्याच्या शेपटीचा दोरा ववायचा, आन वल्या हातानं त्यो दोरा वढायचा. असा आवाज निगतो की शेताच्या राखनीला बसलेली मानसं त्येनं रानडुकरं पळवत्यात. कुंडलिक घागर घेऊन माज्या पिंजऱ्याखाली लपला.

पहिला खेळ. तंबू भरला. कंत्राटदार पहिल्या रांगंत. पडदा वर गेला आन मी पट्ट्यांचा होऊन उबा. श्रीमंतानं चाबूक वाजवला, खालनं "घ्रांव" झालं. बाया किंचाळल्या, पोरं आयांच्या पदरात शिरली. झ्याक! पर कुंडलिकाला वरचं काय दिसत न्हवतं. मी पानी प्यालो तरी घ्रांव. मी मान खाजवली तरी घ्रांव. एक म्हातारी शेजारनीला म्हनाली, "बिचाऱ्याच्या पोटात वायू धरलाय." तरी निभावलं.

दुसऱ्या खेळाला घागरीचा दोराच तुटला. श्रीमंतानं चाबूक वाजवला, खाली सामसूम. परत वाजवला. मी माज्यापरीनं तोंड उगडलं, मदत म्हनून. आन मित्रांनो, त्याच टायमाला गिरणीचा भोंगा झाला! अख्खं सोलापूर हादरवनारा त्यो भोंगा, आन मी आ वासून उबा. गिरणीतली मानसंसुद्दा घटकाभर फसली. टाळ्यांनी तंबू उडायची पाळी आली. कंत्राटदार मातुर हसला न्हाय. त्यो घड्याळाकडं बगत व्हता.

तिसऱ्या खेळाच्या दिवशी सकाळी दोन पाव्हणे आले, आन तितनं समदं फिरलं.

पहिले एकनाथ मास्तर. एका शाळंत शिकवायचे. दुपारच्याला पोरांना खेळ दावायचा म्हनून आदी सोता बगाय आले. धोतर, काळी टोपी, काखंत छत्री. गजापाशी वाकले, चष्मा वर केला. मंग हळूच म्हनाले, "बाई, हा वाघ नाही."

बजाबाईच्या हातातला हाडाचा तुकडा खाली पडला.

"याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत ही काळी रेघ बघा. काजळ ओघळल्यासारखी. ती रंगवलेली नाही, जन्माची आहे. आणि नखं बघा, कुत्र्यासारखी बाहेरच. वाघाची आत जातात. हा चित्ता आहे."

बजाबाईनं त्यांचे पायच धरले. कातड्याची, कंत्राटदाराची, समदी गोष्ट सांगितली. मास्तरांचा चेहरा पडला. "मी आपणहून कोणाला सांगणार नाही. पण मुलांसमोर कोणी विचारलं, तर खोटं बोलणं मला जमणार नाही. जमलं असतं तर आज हेडमास्तर असतो."

दुसरा पाव्हणा सिद्धलिंगप्पा हेळवी. हेळवी म्हंजे घराण्यांची वंशावळ सांगनारा मानूस. बैलावर बसून गावोगाव फिरतो, आन तुमच्या खापरपंज्याचा खापरपंजा कोन, त्येचं लगीन कुटं झालं, समदं गाऊन दावतो. बजाबाईचं माहेर दुधनीकडचं, म्हनून त्यो दरवर्सी तिला हुडकत यायचा. अर्धं कानडी, अर्धं मराठी, आन त्यो गाय लागला की मोठमोठी मानसं गप व्हत्यात. कारन काय, आपल्या बापजाद्यांचं कायतरी वंगाळ निगंल ही भीती.

त्यानं मास्तरांचं ऐकलं. "काय म्हनता मास्तर? हुली न्हाय ह्यो? वाघ न्हाय? मंग कुनाच्या घराण्यातला?"

"मांजराच्या. तसे सगळेच मांजराच्या कुळातले. वाघ, सिंह, बिबट्या, हा, आणि ती," मास्तरांनी भागीकडं बोट दावलं. "लाखो वर्षांपूर्वी सगळ्यांचा पूर्वज एक."

मी गजावर पंजा आपटला. भागी? माज्या घराण्यातली? ती उंदीरखाऊ?

सिद्धलिंगप्पाला राग आला, पर त्यो येगळाच. येवडं मोठं घराणं, आन त्येची वंशावळ हेळव्याला ठाऊक न्हाय! बैलावरनं उतरून मास्तरांम्होरं मांडी घातली. "सांगा. मूळ पुरुष कोन? गाव कंचं?"

"गाव नाही हो. उदमांजरासारखा एक प्राणी, झाडावर राहणारा."

"लगीन कुटं झालं?"

"सिद्धलिंगप्पा!"

"बरं, ऱ्हाऊ द्या. पोरं किती?"

असं दोन तास चाललं. त्यो इचारायचा, मास्तर कपाळाला हात लावायचे आन सांगायचे. मी पाठ करून बसलो व्हतो, पर कान तिकडंच. मास्तर म्हनाले, मूळ पुरुषाच्या वंशातनं तीन पात्या निगाल्या. पंडितांनी घशातलं हाड तपासून ताडलंय. वाघ-सिंहाच्या त्या हाडात एका जागी लवचीक दोरी असती, म्हनून त्येंना डरकाळी येती. मांजराचं आन चित्त्याचं हाड सलग, टनक. तितनं घुरघुर निगती.

"म्हणजे डरकाळीवाल्याला अशी घुरघुर नाही, आणि घुरघुरीवाल्याला डरकाळी नाही," मास्तर म्हनाले.

"लोक तर मांजराला वाघाची मावशी म्हनत्यात," बजाबाई म्हनाली.

"मावशी म्हंजे आईकडचं नातं, अक्का," सिद्धलिंगप्पा मान हलवत म्हनाला. "हे तर बापाकडचं निगालं की! आता वाटणीला बी उबं राहतील."

मित्रांनो, माज्यावर त्या दिवशी आभाळ कोसळलं. जल्मभर ज्येला दादा म्हनलो त्यो लांबच्या पातीतला, आन जिच्यावर दात खाल्ले ती माज्या पातीतली. आन माजी घुरघुर, जी मी चोरासारखी लपवली, ती खोड न्हवती. ते घराणं व्हतं.

पर पटलं न्हाय मला. लगीच कुटलं पटतंय?

दुपारी तिसरा खेळ. कुंडलिकानं नवी काजळी कालवली. पहिल्या दोन दिवसांचे पट्टे फिक्के दिसले म्हनून ह्या खेपंला बजाबाईनं चरबी सडळ हातानं घातली. ताजी, कोमट. आता मित्रांनो, तुमी मांजर पाळलंय? मंग तुमाला ठाऊक असंल, अंगावर कायबाय लागलं की आमच्या जातीला गप बसवत न्हाय. आन त्यात बोकडाची चरबी!

पडदा वर गेला. तंबू ठासून भरला व्हता. पुडं मास्तर आन त्येंची पोरं, कडंला बैल बांदून सिद्धलिंगप्पा, आन मदोमद कंत्राटदार. आज त्येच्यासंगं दोन गडी व्हते, हातात दोरखंड.

श्रीमंत गरजला, "बंगालचा ढाण्या वाघ!"

खाली घागर गरजली, "घ्रांव!"

आन बंगालचा ढाण्या वाघ मांडी वर करून सोताला चाटत बसलेला.

एक पट्टा गेला. दुसरा गेला. मी काय करू? जीभ ऐकंना. खांद्यावरची पिवडी गेली, खालनं माजे ठिपके वर आले, शिळ्या भाकरीवर करपल्याचे डाग दिसावेत तसे. लोक आदी डोळे चोळाय लागले. मंग मागनं कुनीतरी वरडलं, "आरं, वाघ इरघळतोय!" दुसरा म्हनाला, "उलट सोलतोय सोताला!" आन मंग एकच दंगा. कुनी चप्पल फेकली. कुनी तंबूची दोरी वढली. कुंडलिक घागर घेऊन पिंजऱ्याखालनं पळाला, तवा तर लोकांनी त्येलाच वाघ समजून वाट दिली.

"मास्तर, खरं सांगा, ह्यो वाघ हाय का?" एका बाप्यानं इचारलं.

मास्तर उबे राहिले. टोपी नीट केली. "नाही," म्हनाले. "हा चित्ता आहे. आपल्या देशातले जवळजवळ संपले. हा फार मोलाचा..." पुडचं कुनी ऐकलंच न्हाय. मास्तरांचा आवाज वर्गाच्या भाईर कवा चाललाय?

श्रीमंतानं हात जोडले आन कंत्राटदाराकडं वळला. "घेऊन जावा, साहेब."

गडी पुडं झाले. बजाबाई पिंजऱ्याम्होरं आडवी.

तवर तंबूच्या कडंनं घंटी वाजली. सिद्धलिंगप्पा बैलावर चडून बसला व्हता आन कानावर हात ठेवून त्यानं सूर लावला.

"केळ्री, केळ्री! ऐका हो सोलापूरकर! मार्जार घराण्याची वंशावळ ऐका!"

आन मित्रांनो, तंबू गप. हेळव्यानं सूर लावला की मानसाची मान आपोआप खाली जाती. हातातली चप्पल हातातच राहिली.

"मूळ पुरुष झाडावरचा! गाव न्हाय, साल न्हाय, कारन साल मोजायला मानूसच जल्मला न्हवता! त्येच्या वंशाच्या पात्या तीन. थोरली पाती खंजीरदात्याची. सुळे हनवटीखाली लोंबायचे, दबदबा मोठा, पर पाती निर्वंश झाली! मदली पाती डरकाळीची. सिंह, वाघ, बिबट्या, सख्खे चुलते. सोलून ठेवले तर वाघ कंचा आन सिंह कंचा, हाडावरनं सोयऱ्याला बी वळखू येत न्हाय! धाकटी पाती घुरघुरीची. तीत तुमच्या चुलीपाशी बसती ती मनी, आन पळता पळता दर्यापार गेलेला ह्यो बाळाप्पा! धाकट्या पातीचा मानूस मदल्या घरचा अंगरखा घालून तुमच्याम्होरं उबा केला, चूक झाली! पर सोयरीक खोटी न्हाय!"

"कशावरनं खोटी न्हाय?" कंत्राटदार म्हनाला. "सनद कुठाय?"

सिद्धलिंगप्पानं मास्तरांकडं बगितलं. मास्तरांनी बजाबाईकडं. बजाबाईनं पिंजऱ्याचं दार उगडलं आन आत आली.

माज्याजवळ बसली. मानंवर हात ठेवला. सारा तंबू कान लावून. मी गप. मला सुलतानाची त्या दुपारची नजर आठवली. हजार मानसांम्होरं मांजरासारखं घुरघुरायचं? राजाच्या बिजलीनं? त्यापरीस कातडं गेलं तरी बरं, असं बी मनात आलं. आन तवा मला कळलं की बजाबाईचा हात थरथर कापतोय.

मित्रांनो, माज्या कातड्यावरनं लई हात फिरले. राजाचा फिरला, कुंडलिकाचा फिरला, कंत्राटदाराची तर नजरच फिरली. पर माज्यासाटी कापलेला हात ह्यो पहिला. मी डोळे मिटले. मनात म्हनलं, दादा, तिकडं बग.

आन सुटली घुरघुर. तीन वर्सांची साठलेली! पिंजऱ्याच्या फळ्या थरथरल्या. पाटीमागच्या रांगंतली विणकरबाई म्हनाली, "अगं बया, आमचा माग चाललाय की!" दुसरी म्हनाली, "आमच्या मनीगत! हुबेहूब!" पोरं पुडं सरकली. एक पोर म्हनालं, "मास्तर, ह्याला भीती न्हाय वाटत." आन भागी, ती निलाजरी, गजातनं आत आली, माज्या मानंखाली बसली आन तिनं बी सुरू केलं. दोन आवाज, एक मोठा, एक बारका, एका सुरात.

लोक टाळ्या वाजवायला बी इसरले. येवडं गप सोलापूर मी परत कवा ऐकलं न्हाय.

कंत्राटदारानं खाकरून गड्यांना खूण केली. "बरं. गंमत झाली. चला, उचला."

आन मित्रांनो, श्रीमंत, जो दहा मिनिटांमागं मला देत व्हता, त्यो मदी आला. कपाळ पुसत म्हनाला, "साहेब, माफी करा. कातडं घुरघुरत न्हाय."

त्या दिवसापासनं कागदं बदलली. "खरा चित्ता! घुरघुर व वंशावळीसह!" कुंडलिक परत मोहरमाच्या वाघांकडं गेला. जाताना मला म्हनाला, "तुजं अंगच बेकार, रंग धरत न्हाय." मास्तर दरवर्सी पोरांना घेऊन येत्यात आन हेळव्यानं चुकीचं गायलं की मदीच उटून दुरुस्त करत्यात. सिद्धलिंगप्पा ऐकत न्हाय. त्यानं खंजीरदात्याचं लगीन बी लावलंय म्हनं, अक्कलकोटाकडं.

आता मी थकलो. पिंजऱ्याचं दार उगडंच असतं. भाईर जाऊन करायचंय काय? पर एक गोष्ट मनाला लागली व्हती. पहिल्या वर्सी सिद्धलिंगप्पानं वहीत माजं नाव लिवलं, आन त्येच्या रिवाजापरमानं इचारलं, "पुडं?" म्हंजे पोरंबाळं? बजाबाईनं माज्या पाटीवरनं हात फिरवला. ह्या मुलकात माज्या जातीची जोडीण मिळायची कुटनं? त्यानं मान खाली घातली आन माज्या नावाखाली एक वळ मोकळी सोडली. तवापासनं ती मोकळी वळ मला डोळ्यांम्होरं दिसायची.

परवाच्या गड्ड्याला त्यो आला, वही उगडली. बजाबाई म्होरं आली. तिनं माज्याकडं बोट दावलं. माज्या पोटाशी भागीची तीन पिलं झोपली व्हती, आन चवथं माज्या शेपटीचा उरलासुरला गोंडा चावत व्हतं.

सिद्धलिंगप्पानं लई येळ बगितलं. मंग दौत काडली आन त्या मोकळ्या वळीत लिवलं, "चुलत घराणं. चार. समदी घुरघुरत्यात."

म्हनून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरी चुलीपाशी आमचं कुनी बसत असंल तर त्येला लाथंनं ढकलू नगा. जवळ घ्या, मानंवर हात फिरवा, आन कान लावून ऐका. आवाज जरा वळखीचा वाटला तर गड्ड्याला येऊन मला सांगा, तुमच्या मनीचं बरं चाललंय का. भावकी लई कमी उरलीय माजी. इचारपूस करावी वाटती.

आता हळू बोला. चवथं झोपलंय.